सरावाची मावशी

माझ्या धाकट्या जावेला आजारी पडायची हौस होती असं कुणी म्हणालं, तर मी त्याला दारातही उभं करणार नाही. पण आजारपणाचं सोंग तिच्याइतकं हुबेहूब कुणाला जमत नव्हतं, हे मात्र कबूल करायला हवं. ती एका मोठ्या इस्पितळात शिवणकामाला होती. फाटक्या चादरींना ठिगळं लावायची, उशांचे अभ्रे शिवायची, पेशंटच्या गाउनचे तुटलेले बंद बसवायची. आणि त्याच इस्पितळात अधूनमधून, दुपारच्या वेळी, स्वतः पेशंट व्हायची. खोटी पेशंट. हे काय प्रकरण होतं ते नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारीला भ्रम झालाय.

आम्ही एकाच घरात राहायचो. खाली मी आणि आमचे हे, वर ती आणि भावजी. मधे एक जिना, अंगणात कपडे वाळत घालायची एक दोरी, आणि त्या दोरीवरून आमची निम्मी भांडणं. भावजी, म्हणजे माझा दीर, नाक्यावर किल्ल्या बनवतात. दिवसभर जगाची कुलपं उघडतात, स्वतःचं तोंड मात्र उघडत नाहीत. माझं नेमकं उलटं. माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की समोरच्याने नुसती मान हलवायची. म्हणजे धाकटीच्या वाट्याला घरात एक बोलत नाही असा माणूस आणि दुसरी बोलू देत नाही अशी जाऊ. लेक लग्न होऊन लांब गेलेली. फोनवर तिचंच सांगणं संपत नसे. धाकटी सगळ्यांचं ऐकायची. ऐकताना तिच्या हातात सुई असायची, त्यामुळे ती गप्प आहे हे कुणाच्या लक्षातच येत नसे.

शिवणखोली इस्पितळाच्या तळघरात, धुलाईखोलीला लागून. तिथे एकदा एक मॅडम कोटाचा उसवलेला खिसा शिवून घ्यायला आल्या. खिसा शिवता शिवता धाकटीने त्यांना वॉर्डातल्या एका म्हातारीची नक्कल करून दाखवली. गाउनचे बंद नीट बांधा हो, मागून सगळं जग दिसतंय, असं ती म्हातारी नर्सला म्हणाली होती. मॅडम हसून हसून बेजार. मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "मावशी, माझ्या पोरांसाठी पेशंट व्हाल का?"

या मॅडमची पोरं डॉक्टर होणार नव्हती आणि कारकूनही होणार नव्हती. पेशंटने सांगितलेली गोष्ट संगणकात कशी जाते, तिथून औषधाच्या खिडकीशी, रक्त तपासणाऱ्यांकडे, डॉक्टरांकडे कशी पोचते, आणि वाटेत कुठे हरवते, हे शिकणारी पोरं ती. कॉलेजात पुस्तकं वाचून यायची आणि प्रत्यक्ष काम इस्पितळात शिकायची. काही दिवस नर्सच्या मागे मागे फिरायचं, काही दिवस नोंदणीच्या खिडकीत बसायचं, आणि मग सरावाच्या खोलीत येऊन एका जित्याजागत्या माणसाची विचारपूस करून ती संगणकात भरायची. तो जिताजागता माणूसच मिळत नव्हता. तोवर पोरं एकमेकांनाच पेशंट करायची आणि खी खी हसत बसायची. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, असं मॅडमचं म्हणणं, आणि ते काही चुकीचं नव्हतं.

धाकटीने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी कपाळाला हात लावला.

"अगं, धडधाकट माणसाने आजाराला घर दाखवू नये."

"अहो ताई, खोटं खोटं आहे ते."

"सोंगच आणायचंय तर राणीचं आण की. बसल्या जागी चहा तरी मिळेल."

"चहा तिथेही देतात," ती म्हणाली आणि हसत हसत जिना चढून गेली.

तर पद्धत अशी होती. मॅडम आदल्या दिवशी तिला एक चिठ्ठी द्यायच्या: आज तुला काय होतंय, आपणहून काय सांगायचं, आणि विचारलं तरच काय सांगायचं. इस्पितळाच्या जुन्या ब्लँकेटमधून धाकटीने एक तपकिरी शाल कापून घेतली होती, कडेने बारीक शिवण घालून. शाल पांघरली की ती पेशंट. काढली की शिवणकामवाली. पोरं आपापल्या संगणकापुढे बसायची, एकजण विचारायचा आणि सगळे भरायचे. त्यांच्या पडद्यावर वर एक नारिंगी पट्टी असायची. नारिंगी म्हणजे सराव. खऱ्या पेशंटचं लिहायचं तिथे पट्टी पांढरी. ही नारिंगी पट्टी जरा ध्यानात ठेवा.

पहिल्याच दिवशी एका पोराने पडद्याकडे बघत विचारलं, "नाव? वय? तक्रार?" धाकटी हाताची घडी घालून गप्प. त्याने पुन्हा विचारलं. तेव्हा ती म्हणाली, "तू ज्याच्याकडे बघतोयस त्यालाच विचार की रे. तो सांगेल." सगळा वर्ग फिस्सकन हसला, आणि मॅडमनी तो नियमच करून टाकला: आधी तोंडाकडे बघायचं, मग बोटं चालवायची. घरात ज्या बाईने कधी आवाज चढवला नाही, ती तिथे कॉलेजातल्या पोरांना दटावत होती. मला हे ऐकून खरं वाटेना.

एकदा तिला बहिरी म्हातारी व्हायचं होतं. तयारी म्हणून ती घरापासूनच बहिरी झाली. सकाळी भावजींचा असा काही आवाज आला की मी हातातलं टाकून वर धावले, म्हटलं आग लागली की काय. तर ते 'चहा' म्हणून ओरडत होते आणि ही मशीनवर बसून मिटीमिटी हसत होती. दुसऱ्या एका वेळी तिने चक्कर इतकी साग्रसंगीत आणली की बाजूच्या वॉर्डातली नर्स चाकाची खुर्ची घेऊन धावत आली. नंतर धाकटीने तिची माफी मागितली आणि तिचं लोंबणारं बटण शिवून दिलं.

इस्पितळात ती सगळ्यांची 'सरावाची मावशी' झाली. चालण्यात रुबाब आला. मी टोमणा मारला, "आता तुझी सही घ्यायला लोक येतील." ती म्हणाली, "तसं नाही हो ताई. तिथे विचारतात."

"काय विचारतात?"

"सगळं. दुखतं ते सारखं दुखतं की थांबून थांबून. झोप लागते का. जेवण जातं का. घरी कोण कोण आहे. मदतीला कुणी आहे का. आणि विचारून थांबतात हो. उत्तर येईपर्यंत."

मी काहीतरी तिरकसच बोलले असेन, माझ्या सवयीप्रमाणे. तिने मनावर घेतलं नाही. पण तिचं ते 'थांबतात हो' माझ्या कानात राहिलं आणि अजून आहे.

आता त्या दिवसाचं सांगते. मी तिथे नव्हते. मॅडमनी मला सांगितलं, आणि तिथली एक मुलगी होती, मोठ्या चष्म्याची, तिने सांगितलं. दोघींचं सांगणं शब्दाला शब्द जुळलं.

चिठ्ठीत गुडघेदुखी होती. विचारायची पाळी त्या चष्मेवालीची. मुलगी बुजरी, पण मनापासून करणारी. धाकटीने गुडघा धरून कण्हत कण्हत छान रंगवलं. जिना चढवत नाही, बसलं की उठवत नाही. चष्मेवालीने सगळं ओळीने विचारलं आणि शेवटी, शिकवल्याप्रमाणे, "मावशी, आणखी काही त्रास?"

धाकटीने गुडघ्यावरचा हात काढला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "जेवण जात नाही. दोन घासांत पोट भरतं. इथे बरगडीखाली काहीतरी अडकल्यासारखं वाटतं आणि कळ पाठीत जाते."

"केव्हापासून?"

"वॉर्डाच्या पडद्यांचं नवं कापड शिवायला आलं ना, तेव्हापासून."

पोरांनी भराभर लिहून घेतलं. मॅडमनी हातातली चिठ्ठी पाहिली. त्यात यातलं काहीच नव्हतं. पण मावशी मधूनमधून पदरचं घालायची, हे सगळ्यांना ठाऊक. मॅडम पोरांना म्हणाल्या, "बघितलंत? खरे पेशंट असंच करतात. गुडघा दाखवायला येतात आणि उठता उठता खरं दुखणं सांगतात. ज्यांनी ज्यांनी हे टिपलं त्यांना शाबासकी." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मावशीसाठी. धाकटीने शाल काढली, घडी केली, खुर्चीच्या पाठीवर ठेवली आणि खाली शिवणखोलीत निघून गेली.

पुढचे कित्येक दिवस आम्ही एकाच जिन्यावरून ये-जा करत होतो आणि मला काही कळलं नाही. ती कमी जेवायची. विचारलं तर म्हणायची, इस्पितळात खाल्लं. दोरीवरून मी भांडण काढलं तर ती आपले कपडे बाजूला सरकवायची आणि वर जायची. मला वाटलं, हिला आता शहाणपण आलंय. ती वाळत होती, पण दिसत नव्हती. का दिसत नव्हती ते मागाहून कळलं.

एका सकाळी भावजी जिना उतरून आले आणि माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "वहिनी, तिच्या डोळ्यांचा रंग बघता का जरा? पिवळे दिसतात मला." भावजींच्या तोंडून आपणहून आलेलं एवढं लांब बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि पोळी तव्यावर तशीच सोडून मी जिना चढले.

इस्पितळात तिला दाखल करून घेतलं. कपडे बदलायला मीच आत गेले. गाउनचे बंद तिनेच कधीतरी लावलेले. तिचं पोलकं मी काढून उलटं केलं आणि बघतच राहिले. आतल्या बाजूला शिवणीशेजारी शिवण, तिच्याशेजारी आणखी एक. जसजशी ती बारीक होत गेली तसतसं तिने पोलकं आत घेतलं होतं. बरोबर आणलेलं दुसरं पाहिलं, तेही तसंच. कपडे कायम मापात, मग कुणाला काय दिसणार? सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. माझ्या जावेने बरं असल्याचंही सोंग आणून पाहिलं. ते फार दिवस टिकलं नाही.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि भावजींना आणि मला एका कोपऱ्यात बोलावलं. खूप उशीर झालाय, म्हणाले. आता त्रास कमी करता येईल, एवढंच. भावजींनी मान हलवली, जणू कुणी एखाद्या कुलपाबद्दल बोलतंय. मग भिंतीला हात लावून तिथेच खाली बसले.

मी तरातरा तिच्या खाटेशी गेले. रडायचं सोडून मला राग आला. माझं असंच आहे.

"अगं, तोंड शिवलं होतं का तुझं? बोलली का नाहीस?"

"बोलले की," ती म्हणाली.

"कुणाला?"

"तिथे. सरावाच्या खोलीत. सगळ्यांना." मग ती सांगायला लागली. "एवढ्या जणांनी लिहून घेतलं, ताई. इस्पितळातच लिहून घेतलं. काही वाईट असतं तर कुणीतरी बोलावलं नसतं का? मी वाट बघत होते. त्यानंतर दर वेळी सराव संपला की मुद्दाम जरा रेंगाळायचे. कुणी काहीच म्हणेना. म्हटलं, म्हणजे काही नसेल."

ती सोंगाच्या आडून खरं बोलली होती. घाबरत घाबरत, जिथे तिला विचारलं जायचं त्या एकाच जागी. आणि मग मुकाट्याने उत्तराची वाट बघत बसली होती.

मी पदर खोचून सरावाच्या खोलीत गेले. मॅडम एकट्याच होत्या. "कुठंय ते लिहिलेलं?" मी म्हटलं. "काढा बाहेर. माझी जाऊ तुम्हाला सांगून सांगून थकली, आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात?" त्यांना आधी काही कळेना. मग कळलं.

"ते राहत नाही हो," त्या म्हणाल्या. "नारिंगी पट्टीतलं सगळं आठवड्याच्या शेवटी पुसलं जातं. नव्या आठवड्याला पोरांना कोरी पाटी लागते."

"पुसायच्या आधी कुणी वाचत नाही?"

"नाही. तो सराव असतो."

मी त्यांना सळो की पळो करून सोडायच्या तयारीने गेले होते. पण त्या खुर्चीत बसल्या आणि माझ्यादेखत हुंदके देऊन रडायला लागल्या. म्हणाल्या, "मीच पोरांना सांगितलं, खरे पेशंट असंच करतात. माझ्याच तोंडाने सांगितलं." रडणाऱ्या माणसाशी मला भांडता येत नाही, हा माझ्या स्वभावातला मोठा दोष आहे. मी त्यांना पाणी दिलं.

इस्पितळात पुढे काहीजण 'लांडगा आला रे आला'ची गोष्ट काढायचे. तोंडावर नाही, पण माझ्या कानावर यायचं. मला संताप यायचा. त्या गोष्टीतला पोरगा गंमत म्हणून ओरडतो. हिला तर हातात चिठ्ठी देऊन बसवली होती.

धाकटीचा मात्र कुणावर राग नव्हता. तिला फक्त एकच धास्ती, मॅडम त्या पोरांना बोलतील. एका दुपारी वॉर्डात ती चष्मेवाली आली. तिची आता वॉर्डातली पाळी होती. पेशंटची रोजची माहिती नर्सच्या देखरेखीखाली खऱ्या संगणकात भरायची. नर्सला काही ठाऊक नव्हतं. तिने सहज धाकटीच्या खाटेकडे बोट दाखवलं. मुलगी चाकांचं टेबल ढकलत आली, त्यावरचा संगणक उघडला आणि तशीच बसून राहिली. मान वर करेना.

"वरची पट्टी कसली आहे गं?" धाकटीने विचारलं.

"पांढरी, मावशी."

"मग नीट लिही. आधी माझ्याकडे बघ."

मुलीने वर पाहिलं. मग विचारलं, काय त्रास होतोय. धाकटीने तेच सांगितलं, त्याच शब्दांत. दोन घासांत पोट भरतं. बरगडीखाली अडकल्यासारखं. पाठीत कळ. 'केव्हापासून' हे विचारायची वेळ आली तेव्हा त्या मुलीने चष्मा काढला आणि हातांत तोंड लपवलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते.

धाकटीने हात लांब करून तिच्या गुडघ्यावर ठेवला. "रडू नकोस. तू तेव्हाही बरोबर विचारलं होतंस. मीही खरं सांगितलं होतं. तुझं काही चुकलं नाही." मग श्वास घेऊन म्हणाली, "मॅडमना एक सांग. पेशंटने शाल काढली ना, की एकदा विचारत जा. आता तुमचं सांगा म्हणावं. एवढं विचारलं असतं तर मी बोलले असते." बोलून ती दमली आणि डोळे मिटून पडली. मुलीने डोळे पुसले, चष्मा लावला आणि राहिलेलं सगळं ओळीने भरलं. एकही रकाना रिकामा ठेवला नाही.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. गेली ती दुपारी, धुलाईखोलीतून धुतलेल्या चादरींची गाडी वॉर्डात येते त्या वेळी. भावजी तिचा हात धरून बसले होते. ज्या चादरीवर ती गेली तिच्या कोपऱ्याला एक ठिगळ होतं. असं बारीक टाके घातलेलं ठिगळ दुसऱ्या कुणाचं असणार? मी ते ओळखलं आणि त्या कोपऱ्याला धरून रडले. लोकांना वाटलं, मी चादर ओढतेय.

आता दोरी सगळी माझीच आहे. कपडे लांब लांब घालते तरी ती भरत नाही. भावजी संध्याकाळी नाक्यावरून येतात, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसतात, आणि मी हाक मारली तरच आत येऊन जेवतात. वर शिवणाची मशीन आहे, तिला मी हात लावू देत नाही कुणाला. भांडायला माणूस नसलं की घर कसं अंगावर येतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. तिच्याशी मी आयुष्यभर बोलत राहिले. ती काय म्हणत होती ते ऐकायचं राहूनच गेलं, आणि आता ते ऐकायला मिळणार नाही, याचं दुःख मला जेवताना होतं, झोपताना होतं, उगाच रस्त्याने चालतानाही होतं.

अशात एक दिवस मॅडम घरी आल्या. नव्या पोरांची तुकडी आली होती आणि मावशीची खुर्ची रिकामी. बराच वेळ इकडचंतिकडचं बोलून त्यांनी अडखळत विचारलं. मी म्हटलं, "एक जाऊ झाली, आता दुसरी हवी का तुम्हाला?" त्यांनी ते ऐकून घेतलं. चहाचा कप खाली ठेवला आणि उठल्या.

तेव्हा जिन्याच्या पायरीवरून भावजी म्हणाले, "जा, वहिनी."

मी वळून पाहिलं.

"तिथे विचारतात, म्हणायची ती."

म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. वर, मशीनच्या आवाजात, चहा पिता पिता, त्या माणसाने ते ऐकून ठेवलं होतं. मग मला नाही म्हणता आलं नाही.

चिठ्ठीत खोकला होता. नुसता साधा खोकला, तोही मला धड जमला नाही. शाल पांघरून खुर्चीत बसले, खोकायला लागले, आणि बोलण्याच्या भरात त्याला जोडून सांधेदुखी, डोकेदुखी आणि शेजारणीचा ताप असं सगळं सांगून टाकलं. समोर एक किडकिडीत मुलगा होता, नुकतंच मिसरूड फुटलेला. त्याला धाकटी माहीत नव्हती, मीही माहीत नव्हते. तो बिचारा लिहिता लिहिता घामाघूम झाला. मी मधेच त्याला दटावलं, "माझ्याकडे बघ रे, त्या डब्याकडे काय बघतोस!" मॅडम मागे उभ्या होत्या, त्यांनी तोंड फिरवून घेतलं.

संपलं एकदाचं. मी शाल काढली, मांडीवर घेतली आणि घडी घालायला लागले. कडेची शिवण बोटाला लागली, एवढी बारीक, एवढी सरळ. मी उठणार, तेवढ्यात त्या मुलाने कीबोर्ड बाजूला सारला, पडदा बंद केला, खुर्ची पूर्ण माझ्याकडे वळवली. बाकीच्या पोरांनीही हात मांडीवर घेतले. कुणीतरी त्यांना हे पक्कं शिकवलं होतं.

"मावशी, शाल काढलीत. आता तुमचं सांगा. खरंखरं काही होतंय का?"

मला काय धाड भरलीय, असं म्हणणार होते. अगदी जिभेवर आलं होतं. पण त्याने विचारलं आणि तो थांबला. सगळे थांबले. एवढ्या माणसांना माझ्यासाठी असं गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"करमत नाही रे," मी म्हटलं.

तो हसला नाही. "केव्हापासून?"

"झाले थोडे दिवस."

त्याने मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला, जो ते सगळ्यांनाच विचारतात. "घरी कोण कोण असतं, मावशी?"

"खाली मी आणि आमचे हे," मी म्हटलं. "आणि वर..."

तो मुलगा उत्तराची वाट बघत राहिला.